दीड केबीचा समुद्र

मद्रासला नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत खाली साड्यांना फॉल-पिको करून देणारं दुकान होतं, आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही व्हिडिओ गेम बनवायचो. जिना एकच. खालच्या बायका आम्हाला कॉल सेंटरवाले समजायच्या. आम्हीही कधी खुलासा केला नाही, कारण फोनमध्ये खेळायचा खेळ कुणीतरी बसून बनवतं, ही गोष्ट तेव्हा समजावून सांगावी लागायची. माझ्या बाबांनाही ती पटायला वर्ष गेलं.

ज्यांनी कंपनी काढली त्यांना सगळे सर म्हणायचे. त्यांनी सुरुवात रिंगटोनपासून केली. फोनला एका वेळी एकच सूर काढता यायचा त्या दिवसांत सर एकटे बसून गाण्यांच्या चाली त्या एका सुरात बसवायचे. मग एकदम चार सूर वाजवणारे फोन आले, आणि हे काम आपल्याला जमणार नाही हे सरांनी ओळखलं. म्हणून त्यांनी मास्टरना आणलं.

मास्टर म्हणजे साठीला आलेले व्हायोलिनवादक. पंचवीस वर्षं त्यांनी कोडंबाक्कमच्या स्टुडिओंमध्ये सिनेमाची रेकॉर्डिंग्ज वाजवली होती. चाळीस-चाळीस माणसं एका खोलीत बसून वाजवायची, असं ते सांगायचे. पुढे त्या चाळीस जणांच्या जागी एक कीबोर्ड आला आणि मास्टर घरी बसले. आमच्याकडे ते खिडकीजवळच्या टेबलावर पाच रेघांच्या कागदावर पेन्सिलीने सूर लिहायचे. कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत. माऊसकडे बघायचेसुद्धा नाहीत.

मी तिथे टेस्टर म्हणून लागले होते. गेम खेळायचा, चूक सापडली की बगच्या यादीत लिहायची, एवढंच काम. पण मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तिथे सिस्टरांनी मला सहा वर्षं पियानोसमोर बसवलं होतं, त्यामुळे मास्टरांचा कागद ऑफिसात वाचता येणारी मी एकटीच निघाले. मग त्यांनी लिहायचं आणि मी ते कॉम्प्युटरमध्ये भरायचं असं ठरून गेलं. त्यांचं इंग्रजी मोडकं होतं, माझं तमिळ शाळेच्या बसमधलं. ते मला "बॉम्बे" म्हणायचे. मी जन्मले नागपूरला, वाढले इथल्याच अंबत्तूरला, आणि मुंबई दोनदाच पाहिलेली. हे मी त्यांना एकदा सांगितलं.

"नागपूर बॉम्बेच्या कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा सांगितलं नाही.

माझ्या टेबलाला लागून एक लांब फळी होती आणि तिच्यावर तीस फोन. प्रत्येक गेम त्या तिसांवर तपासायचा. आवाज सुरू केला की खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. सगळे नुसतं बघायचे. मला ते सहन व्हायचं नाही. शाळेत हजेरीला "प्रेझेंट" म्हणतानासुद्धा मी आदल्या मुलीच्या आवाजात आवाज मिसळून म्हणत असे. म्हणून मी इअरफोन लावून तपासायला लागले. कुणी हरकत घेतली नाही. उलट शांत मुलगी म्हणून माझं कौतुकच व्हायचं.

तोवर कंपनी दुसऱ्यांचे गेम या फोनवरून त्या फोनवर बसवून द्यायची. मग एका वर्षी ऑगस्टात सरांनी आमचा स्वतःचा पहिला गेम एका परदेशी कंपनीला दाखवला आणि त्यांना तो आवडला. छोटी कट्टुमरम, म्हणजे ओंडके बांधून केलेली मासेमारीची होडी. ती किनाऱ्यावरून निघते आणि लाटा चुकवत नऊ टप्प्यांत खोल समुद्रात जाते. सगळा गेम चौसष्ट केबीत, म्हणजे आजच्या एका फोटोहून कितीतरी कमी जागेत, बसायला हवा होता. त्यात चित्रं, लाटा, मासे, सगळं. संगीताला चार केबी मिळाले.

मास्टरांनी त्या चार केबींसाठी तीन आठवडे घेतले. त्यांनी चाल खालच्या सुरांत लिहिली. स्टुडिओत चेलो वाजतात ना, तशी. समुद्र खालीच असतो, असं ते म्हणाले. मी ती भरली, फोनवर घातली, इअरफोन लावले. ऑफिसात बसून माझ्या डोळ्यांत पाणी यायची ती एकच वेळ. मी डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं केलं, तीसच्या तीस फोनवर ती चाल ऐकली आणि लिहिलं: संगीत ठीक.

गेम तिकडे पाठवला आणि दहा दिवसांनी परदेशातून पत्र आलं. सरांनी ते आमच्या जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. गेम छान आहे, पण संगीत ऐकूच येत नाही. मधूनमधून काहीतरी टकटक होतं. त्यापेक्षा संगीत काढून टाका, त्या जागेत आणखी एक मासा घाला. पंधरा दिवसांत पक्का गेम पाठवा.

मास्टर माझ्यासमोर बसले होते. त्यांच्या डब्यात दहीभात होता. त्यांनी तो व्यवस्थित संपवला, डबा धुतला आणि खिडकीजवळ जाऊन बसले. सर त्यांना काही म्हणाले नाहीत, पण सगळ्यांना कळत होतं. चार सुरांचे रिंगटोन आता कुणी घेत नव्हतं, लोक सरळ गाण्याचा तुकडाच फोनवर घालायला लागले होते. गेममधून संगीत गेलं की मास्टरांना आमच्याकडे काम उरत नव्हतं.

मी एक फोन उचलला आणि गच्चीवर गेले. पाण्याची लॉरी नुकतीच टाकी भरून गेली होती, टाकी ओली होती. तिच्याआड उभी राहून मी पहिल्यांदाच ती चाल इअरफोनशिवाय लावली. होडी निघाली, लाट आली, आणि फोन गप्प. कानाला लावला तर खुळखुळ्यात वाटाणा हलवावा तसा आवाज. नखाएवढ्या स्पीकरमधून खालचे सूर बाहेरच पडत नव्हते. इअरफोनमधून ते पडत होते. तीस फोनांवर तीस वेळा मी एकटीने ऐकलं होतं, कारण मला माना वळलेल्या नको होत्या.

खाली आले तेव्हा सर फोनवर बोलत होते. त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबून त्यांना सांगायचं, असं मी ठरवलं होतं. ते संपलं आणि मी सरळ माझ्या जागेवर जाऊन बसले. तोंडाने मला जमलं नसतं. मी बगची यादी उघडली आणि नवा बग लिहिला. काय चुकलं: संगीत ऐकू येत नाही. कारण: टेस्टरने इअरफोन लावून तपासले. चूक कुणाची, या रकान्यात मी माझं नाव घातलं.

अर्ध्या तासात सरांनी बोलावलं.

"हा तू स्वतःवरच लिहिलास?"

"हो सर."

"इथे आजपर्यंत कुणी स्वतःवर बग लिहिलेला नाही."

मला वाटलं, आता जायला सांगणार. पण ते पडद्याकडेच बघत राहिले. म्हणून मी जे पाठ करून आले होते ते म्हटलं, की मास्टरांची चूक नाही, त्यांना फोनचा स्पीकर माहीत असायचं कारण नव्हतं, ते माहीत असणं माझं काम होतं. आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ द्या.

सर म्हणाले की चार केबीतले अडीच त्यांनी सकाळी पत्र हातात पडताच माशाला देऊन टाकले. उरले दीड. दीड केबीत जे काही होईल ते शुक्रवारच्या टेबलावर आणा. तिथे टिकलं तर राहील.

शुक्रवारचं टेबल ही आमच्या कंपनीची रीत होती. दुपारी जेवण झालं की सगळ्यांनी एकेक फोन घ्यायचा, सरांनी एक-दोन-तीन म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम गेम सुरू करायचा, आवाज मोठा ठेवून. ज्याला आवाज नकोसा होईल त्याने तो बंद करायचा आणि मोठ्याने "कट" म्हणायचं. हा शब्द मास्टरांनी आणलेला. बहुतेक गेमना दोन मिनिटांत चारी बाजूंनी कट मिळायचे. तीच वीस सेकंदांची चाल परत परत वाजली की माणसाला चीड येते.

मास्टरांना सांगणं सगळ्यात अवघड होतं. मी इंग्रजीत सुरुवात केली, मध्येच तमिळवर गेले, परत इंग्रजीवर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू ती पूर्ण ऐकलीस?"

"तीस वेळा."

"कशी होती?"

"फार सुंदर होती, मास्टर."

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "सगळ्या मद्रासमध्ये मला एकच श्रोता मिळाला. तोही बॉम्बेचा."

माझ्याकडे एक वही होती. ती मी कुणाला दाखवलेली नव्हती. प्रत्येक फोनची खोड तीत लिहिलेली: हा पहिला सूर गिळतो, हा अर्धा सेकंद उशिरा उठतो, याला तीनच सूर नीट जमतात, चौथा लावला की पहिला सोडतो. त्या दिवशी मी तिच्यात आणखी एक रकाना वाढवला, इअरफोनशिवाय. तीस फोन गच्चीवर नेऊन ऐकायचे असं मनात होतं. पण टोपली भरून फोन घेऊन जिना चढताना माझं मलाच हसू आलं. मी परत फिरले आणि जागेवर बसूनच एकामागून एक वाजवले. माना वळल्या. तिसऱ्या-चौथ्या फोनपर्यंत वळल्या, मग कंटाळून आपल्या कामाला लागल्या. एवढ्यासाठी मी दीड वर्ष कानात बोळे घालून बसले होते.

वही मास्टरांसमोर ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं की कुठल्या सुराच्या खाली सगळेच फोन गप्प होतात. मी दाखवला. त्यांनी कागदावर त्या सुरावर एक रेघ मारली. "हा किनारा. याच्या खाली जायचं नाही."

पण वरच्या सुरांत समुद्र कसा आणायचा हे त्यांना सुचेना. दोन दिवस ते लिहून खोडत होते. शिवाय दीड केबीत पंधरा-वीस सेकंदांच्या पुढे काही मावत नव्हतं, म्हणजे टेबलावर कट ठरलेलाच.

ते नवरात्राचे दिवस होते. अंबत्तूरला आमच्या इमारतीत खालच्या मजल्यांवर कोलू मांडलेले, पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. गच्चीवर मात्र मराठी बायकांचा भोंडला असायचा. बाबांच्या कारखान्यातल्या सात-आठ घरांच्या बायका, मधे पाटावर खडूने काढलेला हत्ती. मी जायचं टाळायचे, कारण मला अर्धी गाणी येत नाहीत आणि ते लगेच लक्षात येतं. त्या दिवशी आईने नेलंच. आमच्याकडे पहिल्या दिवशी एक गाणं म्हणतात, दुसऱ्या दिवशी दोन, आणि असं करत नवव्या दिवशी नऊ. चाली जवळपास त्याच. फेर धरून मी तोंड हलवत होते, आणि शेजारची लहान मुलगी मला सारखी विचारत होती की आज पाचवं कुठलं म्हणणार. आदली चार तिला पाठ होती. ती कंटाळली नव्हती, कारण पाचवं यायचं होतं. खिरापत ओळखायची वेळ आली तरी माझं लक्ष तिच्याकडेच. आईने दोनदा हाक मारली. खिरापतीला काय होतं ते मला आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मास्टरांना भोंडला समजावला. हत्तीपाशी ते अडले.

"हत्ती कशाला?"

"तो मधे असतो."

"काय करतो?"

"काही नाही. आपण त्याच्याभोवती फिरतो."

"सरी," ते म्हणाले. ठीक आहे, पुढे बोल.

पुढे मी म्हटलं की होडीचे टप्पे नऊ आहेत. पहिल्या टप्प्याला एकच छोटा तुकडा वाजू दे. दुसरा टप्पा गाठला की त्याला दुसरा जोडायचा, तिसऱ्याला तिसरा. नऊ छोटे तुकडे, प्रत्येक एकदाच लिहून ठेवलेला. जागा तेवढीच लागेल, पण खेळणाऱ्याला पुढचा ऐकायचा असेल तर पुढे जावं लागेल.

मास्टरांनी चष्मा काढून पुसला. नंतर जिना उतरून ते गेले, आणि त्या दिवशी परत आलेच नाहीत. मी घाबरले. सकाळी ते आले तेव्हा त्यांच्या धोतराचा काठ ओला होता आणि चपलांना वाळू. मरीनाच्या किनाऱ्यावर एका होडीवाल्याला सांगून ते समुद्रात आत जाऊन आले होते. चाळीस वर्षं या शहरात राहून पहिल्यांदाच.

"मी आजवर समुद्र किनाऱ्यावरूनच ऐकला," ते म्हणाले. "किनाऱ्यावरून तो खाली असतो. होडीत बसलं की पाणी लाकडावर आपटतं. ते वर असतं."

मग त्यांनी नऊ तुकडे एका दुपारात लिहिले. दोन-दोन सेकंदांचे, सगळे रेघेच्या वर. मी ते भरत होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्यावर ठेवला तरी बसतो. मी विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. स्टुडिओत असंच लिहायची सवय होती म्हणे.

तुकडे जोडायची यादी प्रोग्रॅममध्ये घालायला अक्का हवी होती. आमची सगळ्यात मोठी प्रोग्रॅमर, सगळे तिला अक्काच म्हणायचे, आणि तिच्याकडे काही मागायला सरसुद्धा दबकत. मी चिठ्ठी लिहिली होती. ती तिच्या टेबलावर ठेवून पळणार तोच तिने वर पाहिलं.

"तोंड आहे ना तुला?" ती म्हणाली. "सांग."

मी सांगितलं. वीस ओळींचं काम आहे, असं म्हणून तिने ते चाळीस ओळींत केलं आणि वर मला ऐकवलं की संगीतवाल्यांना हिशेब कळत नाही. मला कुणी संगीतवाली म्हणायची ती पहिली खेप.

शुक्रवारी बारा जण टेबलाभोवती बसले. मास्टर खिडकीजवळच राहिले, आमच्याकडे पाठ फिरवून. सरांनी एक-दोन-तीन म्हटलं.

पहिला तुकडा बारा फोनमधून एकदम उठला. पाणी लाकडावर आपटल्यासारखा. बाराच्या बारा फोनमधून स्वच्छ ऐकू येत होता. मग ज्यांचा हात चांगला होता ते दुसऱ्या टप्प्यावर गेले आणि त्यांच्या फोनवर दुसरा तुकडा आला, मागे राहिलेल्यांचा पहिलाच चालू. कुणी तिसऱ्यावर, कुणी बुडून परत पहिल्यावर. थोडे पुढेमागे सरकलेले, पण एकमेकांत बसत होते. बारा किरट्या स्पीकरांतून मोठा वाद्यमेळ वाजत असल्यासारखी खोली भरली. खालचं पिको मशीन थांबलं. मी कट ऐकायला कान लावून बसले होते. दोन मिनिटं झाली, चार झाली. कुणी म्हणेना.

मास्टर खिडकीकडून वळले होते. त्यांचा डावा हात हवेत होता, बोटं तारेवर असावीत तशी.

सर पाचव्या टप्प्यावर बुडले. नेहमी ते तिथे फोन ठेवून द्यायचे. त्या दिवशी त्यांनी परत सुरू केलं, परत पाचव्यावर बुडले आणि वैतागून माझ्याकडे बघितलं.

"सहावा कसा आहे? मला नुसता ऐकव."

मी तोंड उघडलं होतं, पण अक्का मान वर न करता म्हणाली, "नाही सर. खेळून ऐका."

टेबल हसलं. सरांनी परत होडी सोडली. आणि मास्टर खिडकीजवळून म्हणाले, "इन्नोरु वाट्टी." म्हणजे पुन्हा एकदा. स्टुडिओत रेकॉर्डिंग चांगलं झालं तरी हेच म्हणत असत, असं त्यांनी मला मागे सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलं.

परदेशी कंपनीचं उत्तर आठवड्यात आलं. त्यांच्याकडची माणसं नवव्या टप्प्यासाठी पैजा लावत होती. गेम संगीतासकट घेतला, आणि यापुढच्या प्रत्येक गेमला संगीत तुमचंच हवं, असं कळवलं. पुढच्या वर्षी आम्ही पेरुंगुडीला मोठ्या जागेत गेलो. तिथे मास्टरांना काचेची स्वतंत्र खोली मिळाली, त्यांनी दोन जुने स्टुडिओतले सोबती आणून बसवले, आणि खिडकी उघडत नाही म्हणून रोज कुरकुर केली. मला संगीताचं काम मिळालं. माझ्या टेबलावर एक मोठा, जड स्पीकर आला आणि इअरफोन मी खणात टाकले.

पण ते नंतरचं. ज्या दिवशी उत्तर आलं, त्या दुपारी सरांनी यादी उघडली आणि म्हणाले की एक बग उघडाच आहे. तो मी माझ्यावर लिहिलेला. आमच्याकडे आपल्यावरचा बग आपण बंद करायचा नाही, दुसऱ्याने तपासून करायचा. सर स्वतः करतील असं मला वाटलं. त्यांनी मास्टरना हाक मारली.

मास्टर माझ्या खुर्चीत बसले. माऊस मी धरला, रकाना त्यांना दाखवला. तपासून काय आढळलं ते इथे लिहायचं, म्हटलं. मी बाजूला उभी होते आणि त्यांच्यामागे सगळं ऑफिस. त्यांनी एका बोटाने अक्षरं शोधत शोधत इंग्रजीत एकच शब्द लिहिला. ऐकू आलं.

मग मागे न बघता म्हणाले, "आता हे बंद कुठून करायचं, बॉम्बे?"

मी त्यांचा हात धरून माऊसवर ठेवला.